डिकीतली चिठ्ठी

नांदेडला लातूर फाट्याजवळचं हे गॅरेज पत्र्याच्या शेडचं. बाहेर ट्रक, आत एका कोपऱ्यात ‘मोठ्या गाड्यां’साठी राखलेली जागा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत राष्ट्रीय महामार्ग ३६१ थेट लातूरला जातो, त्यामुळे एमएच २६च्या जोडीनं एमएच २४च्या पाट्याही इथं नेहमीच्या. आत्ता टोइंगच्या गाडीवरून उतरवलेली काळी ऑडी ए-४ लातूरचीच आहे. माझ्या गाडीचं काम चालू असल्यानं मी बाकड्यावर बसून बघतोय.

मालक लातूरच्या मोंढ्यातले अडते. मुलीच्या सासरी मुक्कामाला आलेत. तीन दिवस गाडी अंगणात उभी होती, आज सकाळी निघायच्या वेळी ढिम्म. व्याह्यांसमोर झालेली शोभा चेहऱ्यावरून अजून उतरलेली नाही.

“उस्ताद, इम्पोर्टेड गाडी हाय ही,” ते ऐकवतात.

“शेठ, शेंद्र्याची हाय,” मिस्त्री हसत म्हणतो.

खोटं नाही ते. शेंद्रा म्हणजे आपल्या संभाजीनगरची औद्योगिक वसाहत. तिथं २००१ पासून स्कोडाच्या आणि २००७ पासून ऑडीच्या गाड्यांची जुळणी होत आली आहे. सुटे भाग परदेशातून यायचे, गाडी मराठवाड्यात उभी राहायची. मर्सिडीजची जुळणी पुण्याकडं, बीएमडब्ल्यूची २००७ पासून चेन्नईजवळ. आपण ज्यांना सरसकट इम्पोर्टेड म्हणतो, त्यातल्या कित्येक अशा.

रिमोट मेलेला आहे. मिस्त्री त्याच्या पोटातली लोखंडी किल्ली ओढून काढतो, ड्रायव्हरचं दार उघडतो, बॉनेट उचलतो. शेठ आत डोकावून बॅटरी शोधतात.

“बॅटरी डिकीत असती. अन् डिकी उघडायला करंट लागतो.”

“मग आता?”

मिस्त्री काचेजवळची लाल टोपी उघडतो. खाली जाड पॉझिटिव्ह टोक. दुसऱ्या बॅटरीची लाल वायर तिथं, काळी बॉडीच्या नेमून दिलेल्या बोल्टवर. खट्कन डिकी सुटते.

बॅटरीला हात लावण्याआधी तो गालिचा उचलतो. स्टेपनीच्या खड्ड्यात पांढरा कागद चिकटवलेला आहे, पोस्टकार्डाएवढा, कडेनं धुळीनं पिवळटलेला. फडक्यानं पुसून तो मोबाईलवर फोटो काढतो. हीच चिठ्ठी सर्व्हिस बुकातही चिकटवलेली असते, पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ते पुस्तक क्वचितच पोचतं.

वर सतरा अक्षर-अंकांचा चॅसी नंबर. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. खाली इंजिनाची खूण, सी-ए-जी-ए: दोन लिटर डिझेल, १०५ किलोवॅट, म्हणजे १४३ हॉर्सपॉवर. मग गिअरबॉक्सची अक्षरं, रंगाचा नंबर आणि त्याखाली तीन-तीन अक्षर-अंकांचे कोड, ओळीमागून ओळ.

“एल-०-आर म्हंजे उजव्या हाताचं स्टिअरिंग. ३-एफ-ए, सनरूफ न्हाई. १-झेड न् १-केनं सुरू होणारे, पुढचे-मागचे ब्रेक. सालबी तेच, मॉडेलबी तेच, पण डिस्क वेगळी असू शकती. नुसतं ‘ए-४चे पॅड द्या’ म्हणलं की पुण्याहून चुकीचं पार्सल येतंय, अन् जायचं-यायचं भाडं आपल्या डोक्यावर.”

त्याचं बोट ‘जे’नं सुरू होणाऱ्या कोडवर थांबतं. हा बॅटरीचा. मोबाईलमधल्या यादीशी ताडून तो सांगतो, कारखान्यातून ९२ अँपिअर-तासाची एजीएम बॅटरी होती. आत बसलेली आहे साधी, ६५ची. आधीच्या कुणीतरी पैसे वाचवले.

शेजारच्या ट्रकचे सरदारजी एव्हाना येऊन उभे राहिलेत. अस्सल नांदेडी मराठीत ते तोडगा सुचवतात, “कटऑफ बसवून घ्या शेठ. आमच्यासारखं. रात्री मूठ फिरवली की बॅटरी अलग. वर्षभर उभी ऱ्हाऊ द्या.”

शेठना पटतं. “कंपनीनंच कामून दिला न्हाई मग?”

“कंपन्या देतात, पण दुसऱ्या कामाला,” मिस्त्री म्हणतो. बीएमडब्ल्यूच्या कोडमध्ये ८१८ नंबर निघतो, बॅटरी मास्टर स्विच. जहाजाच्या लांब प्रवासात बॅटरी उतरू नये म्हणूनची ती सोय. अशा गाड्यांचे मालक यादी वाचून हौसेनं डिकीत खटका शोधत बसतात. पण तो रोजच्या वापराचा नव्हेच. त्याच कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत पॉझिटिव्ह टोकावर आणखी एक तोड असते. जोराची धडक बसली की बारीक दारूचा बार उडून स्टार्टरकडची जाड तार तुटते, आग लागू नये म्हणून. बाकीचा करंट चालू राहतो, त्यामुळे चारी इंडिकेटर लागतात, दारं उघडतात.

“अन् सरदारजी, तुमच्या नव्या बीएस-६ गाडीलाबी चावी काढल्याबरोबर कटऑफ मारायचा नसतो. युरियाच्या नळीतलं पाणी मागं ओढून घ्यायला तिला वेळ लागतो.”

सरदारजी मान डोलावतात. “लिहिलंय तसं. वाचतं कोण?”

आता खरी तपासणी. गॅरेजची भरलेली बॅटरी जोडून डिकीच्या कुलपात स्क्रू-ड्रायव्हर घालून ते मिटवलं जातं. उघड्या डिकीतही गाडीला वाटतं, बंद आहे. लॉक करून सगळे चहाला. आतले कॉम्प्युटर एकेक करून झोपेपर्यंत मोजण्यात अर्थ नसतो.

चहानंतर क्लॅम्प मीटर काळ्या केबलवर. आकडा ०.६ अँपिअर. मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं बोटांवर हिशेब करतं: दिवसाला चौदा-साडेचौदा अँपिअर-तास. ६५ची बॅटरी सव्वादोन दिवसांत निम्मी. शेठच्या तीन दिवसांचा उलगडा झाला.

डिकीच्या डाव्या कुशीत बाजारातला अॅम्प्लिफायर दडलेला आहे. टेप चालू झाल्यावरच त्याला जागवणारी निळी वायर कुणीतरी सरळ लाल वायरीला पिळून टाकलीय. गाडी झोपते, हा रात्रंदिवस जागा. मिस्त्री त्याचा फ्यूज काढतो. मीटर ०.०३वर येतो. एवढ्यावर ९२ची बॅटरी निम्मी व्हायला दोन महिने लागतील.

कटऑफचा विषय तिथंच संपतो. संध्याकाळी योग्य बॅटरी येते. जुनी काढताना आधी काळी वायर, नवी लावताना काळी शेवटी. मग स्कॅनर लावून नव्या बॅटरीची क्षमता, कंपनी आणि नंबर गाडीला कळवला जातो. नाहीतर ती जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या मापानंच चार्ज करत राहील.

जुनी महागडी गाडी घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी डिकीतला गालिचा उचलावा. चिठ्ठीवरचा चॅसी नंबर आरसी बुकाशी जुळवावा; जुळला नाही तर गाडीचा मागचा भाग कधीतरी बदललाय, अशी शंका घ्यावी. फोटो काढून ठेवावा, कारण कागद सुटतो, फाटतो. आणि उभी गाडी चार दिवसांत बंद पडत असेल तर नवी बॅटरी किंवा कटऑफ घेण्याआधी करंटची गळती मोजून घ्यावी. मोजायला तासभर पुरतो.