एका गोष्टीला एकच नाव: प्रोग्रामरसाठी लिहिण्याची शिस्त

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथली आपली मुलं-मुली आता बीसीए, पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या कामाला लागतायत. कोडिंग म्हणजे काय, हे पालकांना साधारण माहीत झालंय. पण त्याच कामाचा एक भाग असलेलं रेफरन्स डॉक्युमेंटेशन फारसं कुणाला माहीत नसतं. कोणतं फंक्शन काय करतं, त्याला कोणती माहिती द्यायची, उत्तर काय येतं, चुकलं तर काय दिसतं, हे सांगणारं ते माहितीपुस्तक.

हे पुस्तक कुणी सलग वाचत नाही. अडलं की डिक्शनरीसारखं पान उघडायचं, हवं ते बघायचं, परत कामाला लागायचं. म्हणून प्रत्येक पानाची मांडणी सारखी हवी. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल 1971 साली निघालं. त्यात आधी नाव, मग वापरायची पद्धत, मग वर्णन, असा क्रम ठरलेला होता. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये आजही साधारण तोच क्रम दिसतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. निबंधात आम्ही शिक्षक मुलांना सांगतो, तोच तोच शब्द वापरू नका. इथे नियम बरोबर उलटा आहे. दुकानाच्या उधारीचा प्रोग्राम असेल आणि एका पानावर ‘ग्राहक’, दुसऱ्यावर ‘गिऱ्हाईक’, तिसऱ्यावर ‘कस्टमर’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

तिसरी, सक्ती आणि सल्ला यांतला फरक. मराठीत ‘करावे’ म्हटलं की तो हुकूम आहे की सल्ला, कळत नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी 1997 साली ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थच ठरवून टाकले. आपणही ‘केलंच पाहिजे’, ‘केलेलं बरं’, ‘केलं तरी चालेल’ असं वेगवेगळं लिहू शकतो.

तारखेचंही तसंच. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकेत 6 मे. त्यासाठी वर्ष-महिना-दिवस असा आंतरराष्ट्रीय क्रम आहे: 2024-06-05.

एवढा काटेकोरपणा कशाला? आपल्या अनेक मुलांच्या घरात उर्दू किंवा दखनी, बाजारात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी असते. ज्याची इंग्रजी घरचीच आहे, तो बदललेला शब्द अंदाजाने ओळखतो. आपला मुलगा मात्र समजतो की आपलंच इंग्रजी कच्चं आहे, आणि मागे पडतो. दोष लिहिणाऱ्याचा असतो, न्यूनगंड वाचणाऱ्याला येतो.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये यावर चांगली वाट काढली आहे. समजावणं मराठीत ऐकू येतं, पण पडद्यावरचा कोड आणि शब्द इंग्रजीतच राहतात. त्यामुळे शिकलेलं नाव नोकरीतही तेच भेटतं.

कॉलेजचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांनी एवढं करावं: पहिल्याच दिवशी एका कागदावर ठरलेले शब्द, पानाचा क्रम आणि तारखेची पद्धत लिहून ठेवावी. गटातल्या सगळ्यांनी तीच पाळावी. शेवटी प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या एका मित्राला वाचायला द्यावं. तो जिथे अडेल, तिथे मित्राला समजावत बसू नये, लिखाण दुरुस्त करावं.