तिबेटी कुरणावरचं पाहुणेघर: पाहुणे बदलले की काय होतं?

मैत्रिणींनो, होमस्टेचा विषय आता बऱ्याच गटांच्या बैठकीत निघतो. खोली रिकामी आहे, स्वयंपाक आपल्याला येतोच, मग अडचण काय? म्हणून या वेळी जरा लांबच्या बायकांचा अनुभव समजून घेऊ.

चीनच्या सिचुआन प्रांतात टागोंग नावाचं तिबेटी गाव आहे. उंची सुमारे 3,700 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. भोवती मैलोन्‌मैल गवत. इथले ड्रोकपा, म्हणजे भटके पशुपालक, याक पाळतात आणि उन्हाळ्यात कळप घेऊन वरच्या कुरणात तंबू ठोकतात. तंबू काळा, याकच्या केसांचा. केस कातायचे, पट्ट्या विणायच्या, हे काम मुख्यतः बायकांचं. आपल्या धनगर बहिणींना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

एक गंमत सांगते. पाहुणे ‘याकचं दूध’ मागतात आणि तिथल्या बायका हसतात. कारण याक म्हणजे नर, मादीला म्हणतात ड्री. ही ड्री दूधही थोडंच देते, उन्हाळ्यात दिवसाला लिटर-दीड लिटर. तेही पहाटे उठून काढायचं, घुसळून लोणी करायचं, उरलेल्याचं चीज वाळवायचं. शिवाय शेण गोळा करून वाळवायचं, कारण जळणाला लाकूड नाही. हे सगळं झाल्यावर मग पाहुण्यांचा चहा! होमस्टे म्हणजे रिकाम्या वेळातलं काम, असं जे आपल्याकडे म्हटलं जातं, ते मला तरी पटत नाही. असा रिकामा वेळ कुठल्या बाईकडे असतो?

पूर्वी इथे यायचे ते जास्त करून पाठीवर पिशवी घेतलेले परदेशी तरुण. बसने धक्के खात येणार, चार-पाच दिवस राहणार, घोड्यावरून तंबूपर्यंत जाणार. जमिनीवर अंथरूण, भाजलेल्या जवाचं पीठ, लोण्याचा खारा चहा, बाहेरचा संडास, सगळं चालायचं. त्यांना तेच हवं असायचं.

मग रस्ते सुधारले. चेंगडू या मोठ्या शहराकडून कांगडिंगपर्यंतचा द्रुतगती मार्ग 2018 च्या अखेरीस पूर्ण झाला आणि शहरातली कुटुंबं स्वतःच्या गाड्या घेऊन येऊ लागली. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत तर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. हा पाहुणा बहुधा एकच रात्र थांबतो. त्याला खोलीला लागून संडास हवा, गरम पाणी हवं, हीटर हवा. कांगडिंगहून येताना 4,298 मीटरची खिंड ओलांडावी लागते, त्यामुळे अनेकांना येताच डोकं दुखतं, उलट्या होतात. मग ऑक्सिजनही हवा.

आता हिशोब बघा. चार दिवस राहणाऱ्या एका पाहुण्याची चादर एकदा धुवायची. एकेक रात्र राहणाऱ्या चौघांच्या चादरी चारदा, तीही थंड पाण्यात. भाडं कदाचित जास्त मिळेल, पण काम चौपट. आणि संडास, हीटर, पाण्याची टाकी यांचं कर्ज डोक्यावर. घोड्याचे पैसे घोडा धरणाऱ्याच्या हातात लगेच पडतात. बाईचं दूध, चहा, धुणं मात्र खोलीच्या भाड्यात विरघळून जातं. वहीत वेगळं लिहिलं नाही तर ते दिसतच नाही.

पैसे मागायचाही संकोच असतो. तिबेटी घरात पाहुण्याची वाटी रिकामी राहू देत नाहीत, घोट घेतला की परत भरतात. ज्याला वाटी भरून दिली त्याच्याकडून चहाचे पैसे कसे घ्यायचे? म्हणून जेवणखाण धरून दर आधीच सांगून टाकलेला बरा. आपल्याकडेही हीच पंचाईत होते, नाही का?

मोठा दणका बसला तो 2020 मध्ये. कोरोनामुळे चीनने परदेशी पर्यटकांना दारं बंद केली, ती 2023 च्या मार्चमध्ये पुन्हा उघडली. तीन वर्षं! अशा वेळी केवळ परदेशी पाहुण्यांवर उभं असलेलं घर काय करणार? ज्या घराचा कळप शिल्लक आहे, तिथे निदान लोणी-चीज तरी होतं. मे-जूनमध्ये डोंगरावर यार्सागुम्बा ही मौल्यवान औषधी बुरशी शोधायला घरंच्या घरं जातात, तो पैसाही असतो. (या दिवसांत पाहुणेघरात मदतीला माणूस मिळणं मात्र कठीण.) पण जनावरं विकून खोल्या बांधल्या असतील तर? कळप पुन्हा उभा करायला वर्षं जातात. ड्री तर बहुधा दोन वर्षांतून एकदाच विते.

म्हणून होमस्टेच्या कर्जाचा अर्ज आला तर बैठकीत अर्जदार ताईंना हे जरूर विचारा: पाहुणा एक रात्र राहणार की चार? धुणं-भांडी कोण करणार आणि त्याची मजुरी वहीत कुठे लिहिणार? आणि सहा महिने कुणीच आलं नाही, तर हप्ता कशातून भरणार? शेळ्या विकून खोली बांधायचा बेत असेल, तर अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत थांबवा आणि आधी ताईंच्या घरी जाऊन या.