जागा सोडलेल्या गाद्या

ज्याला प्रमाण मराठीत मूळव्याध, वऱ्हाडी उच्चारात ‘मूयव्याध’ आणि आयुर्वेदात अर्श म्हणतात, तो विकार नव्याने उगवलेल्या कोंबाचा नसून शरीरात मुळातच असलेल्या एका रचनेच्या घसरण्याचा आहे. गुदमार्गाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्या आणि स्नायुतंतू यांच्या बहुधा तीन मऊ गाद्या असतात व गुदद्वार घट्ट मिटण्यास त्यांची मदत होते. मूळव्याध म्हणजे केवळ फुगलेल्या शिरा हा समज दीर्घकाळ रूढ होता, डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या शल्यविशारदांनी 1975 साली तो खोडून काढला. वर्षानुवर्षे कुंथल्याने गाद्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, गाद्या खाली सरकतात, रक्ताने फुगतात आणि कठीण मलाने खरचटून लालभडक रक्त गाळू लागतात. गरोदरपणात हाच ताण वाढलेल्या गर्भाशयामुळे येतो. गुदमार्गाच्या वरच्या भागात वेदना जाणणारे मज्जातंतू नसल्याने आतल्या मोडातून, म्हणजे खाली सरकलेल्या गादीतून, रक्त जाते, पण दुखत नाही. बाहेरच्या मोडात रक्त गोठले की मात्र बसणेही अशक्य होते.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वलगावसारख्या गावात मे महिन्यात पारा 44 अंशांपर्यंत जातो, शेतात घाम गळतो, आणि पाणी कमी पडले की मोठे आतडे मलातील पाणी अधिक शोषून घेते व खडा धरतो, मग कुंथणे आले. प्रौढ माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू, म्हणजे न पचता मलाला मऊपणा देणारा अन्नांश, लागतो. शंभर ग्रॅम ज्वारीत तो सुमारे 10 ग्रॅम असतो. भाकरीची जागा पोळीने घेतली म्हणून हळहळण्याचे मात्र कारण नाही, कारण कोंड्यासह दळलेला गहू याबाबतीत ज्वारीच्या मागे नाही. खरी तूट येते ती मैद्याच्या टोस्ट-बिस्किटांमुळे आणि पॉलिश तांदळामुळे. तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी ही ताटातलीच औषधे होत, फक्त सोबत पाणी हवे; पाण्याविना घेतलेले इसबगोल उलट अडवते. ठेच्यावरचा आरोप तर बराचसा अन्यायाचा आहे: इटलीतील, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तिखटाने मूळव्याधीची लक्षणे वाढल्याचे आढळले नाही. गुदद्वाराला चीर पडलेली असेल तर तिखट झोंबते, पण चीर हा वेगळा विकार आहे आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात.

सुश्रुताने अर्शासाठी औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले, आणि आजची विभागणीही फार वेगळी नाही. सुरुवातीच्या अवस्थेत आहार, कोमट पाण्यात बसणे आणि शौचालयात मोबाइल घेऊन न रेंगाळणे एवढ्यानेच अनेकांना आराम पडतो. पुढे मोडाच्या मुळाशी रबराचे कडे चढवतात, त्याने रक्तपुरवठा तुटून मोड साधारण आठवडाभरात गळून पडतो, आणि कडे वेदनाहीन भागात बसत असल्याने भूल लागत नाही. कायम बाहेर राहणाऱ्या मोडांसाठी मिलिगन व मॉर्गन यांची 1937 सालची शस्त्रक्रिया अजूनही केली जाते. ‘एका सुईत मूळव्याध बंद’ अशा पाट्या लावणाऱ्यांची गोष्ट निराळी. अज्ञात द्रव चुकीच्या जागी टोचला गेला तर ऊती सडतात आणि गुदद्वार मिटणारा स्नायू कायमचा निकामी होऊ शकतो.

अशा ठिकाणी माणसे जातात ती लाजेमुळे. ज्या वलगावजवळ 20 डिसेंबर 1956 रोजी स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या गाडगेबाबांनी देह ठेवला, त्या परिसरात तरी शौचाविषयी उघड बोलणे अवघड नसावे, पण स्त्रिया महिनोन्महिने रक्त जात असताना गप्प राहतात आणि रक्तक्षयाने थकवा आला की मगच दवाखान्याची पायरी चढतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही असेच रक्त जाऊ शकते. म्हणून पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसले, मल काळपट झाला, शौचाची सवय बदलली किंवा वजन उतरू लागले, तर मोड दिसत असूनही डॉक्टर बोटाने व दुर्बिणीने आत तपासतात, कारण मोड आणि गाठ एकाच माणसात एकत्र असू शकतात.