निघणारे ई-मेल कोणत्या दाराने पाठवाल?

कसाऱ्याहून इगतपुरीला येणारी गाडी घाटाखाली थांबते आणि तिच्या मागे बँकर इंजिने लागतात. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांना १ फूट असा हा चढ असल्याने पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या जोरावर जड गाडी वर येत नाही. व्यापारी बांधवांच्या ई-मेलचेही थोडे असेच आहे.

घोटीच्या बाजारातला तांदळाचा व्यापारी घ्या. दुकानाच्या नावाची वेबसाइट काढली, त्याच नावाचा ई-मेल पत्ता कार्डावर छापला आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठवले. चार दिवस उत्तर नाही. फोन केला तर पलीकडून, "भाई, तुमचे काही आलेच नाही." पत्र स्पॅमच्या खणात पडलेले असते आणि तोवर सौदा दुसऱ्याशी होऊन जातो.

ब्राउझरमध्ये उघडणारे वेबमेल स्वतः पत्र पोहोचवत नाही, ते दुसऱ्याच्या हाती देते. कोणाच्या हाती द्यायचे, हे ते बसवताना ठरते. राउंडक्यूब, स्क्विरलमेल यांसारख्या फुकट मिळणाऱ्या वेबमेलमध्ये ही निवड बसवणारा करतो आणि मालकाला त्याची खबरही नसते.

पहिली रीत म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या सेंडमेलसारख्या प्रोग्रामच्या हाती पत्र देणे. एरिक ऑलमन यांनी अमेरिकेत बर्कले येथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस तो लिहिला. सोपे काम, नाव नको, पासवर्ड नको. पण नोकराच्या हाती पाकीट देऊन 'टाकून ये' म्हणण्यासारखे आहे. त्याने 'बरे' म्हटले, पुढचे कोणी पाहिले?

दुसरी रीत एसएमटीपीची. हे नियम १९८२ साली ठरले. येथे वेबमेल नाव-पासवर्ड देऊन, बहुधा ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवर, पाठवणाऱ्या सर्व्हरशी बोलते. २५० हा आकडा आला म्हणजे त्याने पत्र स्वीकारले, ५५० आला म्हणजे नाकारले. कोणी, केव्हा पाठवले याची नोंद राहते. डाकघराच्या खिडकीवर पावती घेण्यासारखे समजा.

पहिल्या रीतीत धोकाही निघाला आहे. राउंडक्यूबमध्ये २०१६ साली आणि स्क्विरलमेलमध्ये २०१७ साली अशी भोके सापडली की आत शिरलेल्या लबाडाला पत्र पाठवण्याच्या मार्गाने सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता येई. दोन्ही ठिकाणी झळ एसएमटीपी न वापरणाऱ्यांना होती. आमच्या मते लहान दुकानदाराने या रीतीच्या वाटेला जाऊ नये.

स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो दुकानांची पत्रे निघतात. शेजाऱ्याने कचरा पाठवला की बदनामी सगळ्यांची होते. तेव्हा पत्रे पोहोचवण्याचेच काम करणाऱ्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत पत्र पाठवावे. यालाच रिले म्हणतात. घाटातले बँकर इंजिन म्हणा ना! पैसे लागतात, पण वर्षातला एक सौदा वाचला तरी वसूल.

इतके करूनही डोमेनच्या नोंदी बाकी राहतात. एसपीएफ ही नोंद सांगते की या या सर्व्हरवरून निघालेले पत्र आमचे. डीकेआयएम ही पत्रावरची मोहोर. आणि डीमार्क सांगते की हे जुळले नाही तर पत्राचे काय करायचे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलकडे पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही सक्तीची केली. आपण वीसच पाठवत असाल तरी करून घ्या. नोंदी नसल्या तर कोणीही तुमच्या पत्त्याने, बँकेचा खातेक्रमांक बदललेले बिल गिऱ्हाइकाला पाठवू शकतो. पैसे गेल्यावर भांडण मात्र तुमच्याशीच.

रिले बदलला तर एसपीएफची नोंदही बदला. पुष्कळजण येथेच चुकतात. दुकानाच्या सर्व्हरवरून जीमेलचा पत्ता 'प्रेषक' म्हणून घालू नका, तेही पत्र संशयात जाते.

वेबसाइट करणाऱ्या मुलाला एवढेच विचारा: "आपले वेबमेल एसएमटीपीने पाठवते का, आणि कोणाच्या सर्व्हरवरून?" मग स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवून संगणकावर 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसले तर त्याचे बिल चुकते करा, नाहीतर त्याला परत बसवा.