खोली आपली, कागदही आपलाच हवा!

ओवे हे पनवेल तालुक्यातलं, खारघरला लागून असलेलं गाव. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच भूमिपुत्रांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. भाताची खाचरं गेली, आणि अनेक घरांना आधार उरला तो भाड्याच्या खोल्यांचा.

म्हणजे खोली हेच आता शेत. त्याची राखण करते ती बहुधा घरातली बाई. चावी तिच्याकडे, पाण्याची कटकट तिच्याकडे, पहिल्या तारखेला भाडं मागायचं तेही तिनंच. कागदाचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेलं, "माणसं चांगली आहेत हो, आणि अकरा महिन्यांची नोटरी केलीय ना!"

मैत्रिणींनो, गाडं अडतं ते इथेच. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ वेगळंच सांगतं. करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तुम्ही डिपॉझिट घेतलं वीस हजार आणि तो म्हणाला एक लाख, तर खोटं ठरवायची धावपळ कुणाची? तुमचीच!

उलट लिव्ह अँड लायसन्सचा नोंदवलेला करार हाती असेल आणि मुदत संपूनही राहणारा घर सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाईही मागता येते. पाणी-वीज तोडून माणूस बाहेर काढायच्या फंदात मात्र पडू नका. तक्रार तुमच्यावरच होईल.

"खर्च किती येतो?" हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत हमखास येतो. समजा, भाडं महिना आठ हजार, डिपॉझिट तीस हजार आणि मुदत एक वर्ष. वर्षाचं भाडं ९६ हजार, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज तीन हजार, म्हणजे ९९ हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, साधारण अडीचशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. आता हे काम आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ऑनलाइन होतं, घरी बसूनही करता येतं.

आणखी चार सवयी लावून घ्या. भाडं बँक खात्यात घ्या. रोख घेतलं तर पावती द्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवा. खोली देताना भिंती, नळ, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून ठेवा. आणि डिपॉझिट ही परत द्यायची रक्कम आहे, लग्नकार्यात खर्चून टाकायची नव्हे. खोली रिकामी राहते तेव्हाही हप्ता, घरपट्टी, दुरुस्ती थांबत नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. ज्या घराचं भाडं तुम्ही गोळा करता, त्याच्या कागदावर तुमचं नाव आहे का? नवऱ्याच्या माघारी वारसनोंद रखडली, तर नवा करार करताना सही कुणाची, इथूनच भांडणं सुरू होतात. घरपट्टीची पावती, वीजबिल, घराचे कागद आजच काढून बघा.

आपल्याकडे कागद मागितला की माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. खरं तर लिहिलेलं दोघांनाही बांधतं. भाडेकरूलाही त्याचं डिपॉझिट परत मिळण्याची खात्री हवीच असते. तेव्हा संकोच सोडा. चहा जरूर पाजा, पण चावी करार नोंदवल्यावरच हातात द्या!