एक मिलीलिटरचं काम

चेहऱ्यात फिलर भरायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पण पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांचं काम जवळून पाहिलं, तेव्हा त्यांचा जास्त वेळ सुई हातात घेण्याआधीच गेला.

खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई होत्या. खुणा करताना डॉक्टरांनी त्यांना ताठ बसवलं. आडवं झालं की गाल मागे सरकतात आणि नाकापासून ओठांच्या टोकाकडे जाणारी घडी उथळ दिसते. मग प्रश्न सुरू झाले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत? दाताचं काही काम काढलंय? आधी कुठे फिलर घेतलंय?

"चार वर्षांपूर्वी घेतलं होतं. पण ते विरलं असेल ना?"

"ताई, कुठलं होतं? कागद आहे?"

कागद नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही गाल बोटांनी चाचपले आणि ठरवलेलं प्रमाण कमी केलं.

सध्या सर्वाधिक वापर हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलचा होतो. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये तो गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. नैसर्गिक रूपात तो त्वचेत फार काळ टिकत नाही, म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींत गुंफतात. असं फिलर साधारण सहा ते अठरा महिने टिकतं, असं सांगितलं जातं. मात्र एमआरआय तपासणीत काहींच्या चेहऱ्यात ते कित्येक वर्षांनीही सापडलं आहे. दिसणारा परिणाम ओसरतो, माल थोडाफार उरतो. त्यावर पुन्हा पुन्हा भरत गेलं की चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो. क्वचित महिन्यांनी, वर्षांनीही गाठी येतात. पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असलेलं फिलर तर विरतच नाही. त्यामुळे ते चुकीच्या जागी पडलं, तर काढायला शस्त्रक्रिया लागू शकते.

सिरिंजमध्ये जेमतेम एक मिलीलिटर जेल होतं. डॉक्टर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का पाहायचे, थेंबभर जेल सोडायचे, थांबायचे आणि त्वचेचा रंग बघायचे. रक्त आलं नाही म्हणजे सुई धमनीबाहेरच आहे, अशी खात्री नसते. म्हणून ही सावकाशी. जेल धमनीत शिरलं तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, त्वचा पांढरी पडते, जाळीदार डाग उमटतात आणि तो भाग मरू शकतो. भुवयांमधली जागा आणि नाक इथल्या धमन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. तिथे चूक झाली तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित घडतं, पण गेलेली दृष्टी बहुतेकदा परत येत नाही. म्हणून हायल्युरोनिडेजची कुपी हाताशी होती. हे विकर हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल विरघळवतं. इतर फिलरवर त्याचा उपयोग नाही.

शेवटी सिरिंजच्या वेष्टनावरचं बॅच क्रमांकाचं लेबल फाइलमध्ये चिकटवलं गेलं आणि दुसरं बाईंच्या हातात दिलं.

योग्य माल आणि जाणता हात असेल, तर हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण त्याचा गुण कायमचा नाही. पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मागवलेल्या सुईने ते कधीही घेऊ नका. डॉक्टरांना दोन गोष्टी आधीच विचारा: कुठलं फिलर भरणार आणि हायल्युरोनिडेज जवळ आहे का? नंतर अचानक तीव्र वेदना झाली, त्वचा पांढरी पडली किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.