घड्याळाचा अनुक्रमांक

घड्याळाचा अनुक्रमांक : एकाच नमुन्याच्या अनेक घड्याळांतून एखादे विशिष्ट घड्याळ निश्चितपणे ओळखता यावे, म्हणून निर्मात्याने त्याच्या कवचावर किंवा आतील यंत्रणेवर कोरलेली अंकांची अथवा अंक व अक्षरे यांची मालिका. उंची घड्याळांची किंमत काही लाख रुपयांपर्यंत व त्याहूनही अधिक असते. त्यामुळे हमी, दुरुस्ती, विमा, पुनर्विक्री आणि चोरीचा तपास या सर्व व्यवहारांत या क्रमांकाला महत्त्व असते.

क्रमांकांचे प्रकार : घड्याळावर व त्याच्या कागदपत्रांवर सामान्यतः तीनचार प्रकारचे क्रमांक असतात आणि खरेदीदाराची गल्लत बहुधा त्यांच्यातच होते. नमुना क्रमांक हा त्या रचनेच्या सर्व घड्याळांना समान असतो. यंत्रणेच्या प्रकाराचा क्रमांकही असाच समान असतो. उदा., रोलेक्स कंपनीने २०२० मध्ये बाजारात आणलेल्या सबमरीनर डेट या घड्याळाचा नमुना क्रमांक १२६६१० असून त्यातील यंत्रणेचा प्रकार ३२३५ हा आहे. अनुक्रमांक मात्र प्रत्येक घड्याळाचा वेगळा असतो. मर्यादित संख्येने काढलेल्या घड्याळांवर ‘५०० पैकी २५’ अशा अर्थाचा आणखी एक क्रमांक असतो; तो त्या आवृत्तीतील स्थान दर्शवितो, अनुक्रमांकाची जागा घेत नाही. पाटेक फिलिपसारखे निर्माते यंत्रणेला व कवचाला स्वतंत्र क्रमांक देतात. हे दोन्ही क्रमांक परस्परांशी जुळत नाहीत म्हणून घड्याळ संशयास्पद ठरत नाही. ते दोन्ही निर्मात्याच्या मूळ प्रमाणपत्रातील नोंदींशी जुळावे लागतात.

इतिहास : घड्याळांना क्रमांक देण्याची प्रथा हस्तनिर्मितीच्या काळापासूनची आहे. पॅरिस येथील विख्यात घड्याळकार आब्राआम लूई ब्रेगे (१७४७–१८२३) हे आपल्या घड्याळांना क्रमांक देऊन त्यांच्या नोंदी वहीत ठेवीत. त्यांच्या घड्याळांच्या नकला होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी तबकडीवर सहजासहजी न दिसणारी गुप्त स्वाक्षरीही कोरण्यास सुरुवात केली. केवळ क्रमांकाने नक्कल रोखता येत नाही, हे त्या काळीही स्पष्ट झाले होते. राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये मागविण्यात आलेले ब्रेगे यांचे घड्याळ ‘क्रमांक १६०’ या नावानेच प्रसिद्ध आहे. ते १८२७ मध्ये पूर्ण झाले, १९८३ मध्ये जेरूसलेम येथील संग्रहालयातून चोरीस गेले व २००७ मध्ये परत मिळाले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वॉल्थम येथे घड्याळांचे यंत्राने मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. एका घड्याळाचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून यंत्रणेच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर तोच क्रमांक उमटविण्यात येई. स्वित्झर्लंडमधील सँतिमिए येथील लाँजीन कंपनीने १८६७ पासूनच्या आपल्या घड्याळांच्या नोंदी हस्तलिखित वह्यांत जतन केल्या आहेत. अशा वह्यांवरून जुन्या घड्याळाची मूळ माहिती देता येते.

क्रमांकाचे स्थान : जुन्या घड्याळांत क्रमांक बहुधा यंत्रणेवर असे व तो पाहण्यासाठी मागील झाकण उघडावे लागे. नंतर तो कवचावर येऊ लागला. रोलेक्सच्या घड्याळांत तो दीर्घकाळ तबकडीवरील सहाच्या आकड्याकडील बाजूस, कवचाला पट्टा जोडतात त्या ठिकाणी कोरलेला असे. बाराच्या बाजूस नमुना क्रमांक असे. पट्टा काढल्याशिवाय हे क्रमांक दिसत नसत. सुमारे २००५ पासून अनुक्रमांक तबकडीभोवतीच्या धातूच्या आतील कड्यावर कोरण्यास सुरुवात झाली. त्यामुळे तो काचेतूनच वाचता येतो.

क्रमांकाचा अर्थ : क्रमांकावरून निर्मितीचा काळ काढण्याची एकच सर्वमान्य रीत नाही; ती निर्मात्यानुसार बदलते. जपानच्या सेइको कंपनीच्या घड्याळांत अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो व दुसरे चिन्ह महिना दर्शविते. नोव्हेंबर व डिसेंबरसाठी अनुक्रमे ‘एन’ व ‘डी’ ही अक्षरे योजतात. दशक मात्र यावरून कळत नाही. ते ठरविण्यासाठी यंत्रणेचा प्रकार पाहावा लागतो. उदा., ग्रँड सेइकोची ९एस५५ ही यंत्रणा १९९८ मध्ये प्रचारात आली. ती असलेल्या घड्याळाचा क्रमांक ‘९डी’ने सुरू होत असेल, तर ते १९८९ मधील असूच शकत नाही, डिसेंबर १९९९ किंवा त्यानंतरच्या एखाद्या दशकातील ते असले पाहिजे.

रोलेक्सच्या क्रमांकांना सात अंक अपुरे पडू लागल्यावर १९८७ पासून क्रमांकाच्या आरंभी अक्षर देण्यात आले. पहिली चार अक्षरे कंपनीच्या नावातीलच, म्हणजे आर, एल, ई व एक्स ही होती. ‘ओ’ हे अक्षर शून्यासारखे दिसत असल्याने वगळले होते. पुढे २०१० पासून कोणताही क्रम नसलेले आठ चिन्हांचे क्रमांक देण्यात येऊ लागले. त्यामुळे या नव्या घड्याळाच्या क्रमांकावरून त्याचे वर्ष ठरविता येत नाही. जुन्या क्रमांकांची प्रचलित वर्षवार कोष्टके संग्राहक व व्यापारी यांनी अनुभवाने तयार केलेली असून ती अंदाजे समजावीत. निर्मितीचे वर्ष व विक्रीचे वर्ष यांत अंतर असू शकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

खरेदीतील उपयोग : नवे घड्याळ घेताना त्यावरील अनुक्रमांक हमीपत्रावरील व पावतीवरील क्रमांकाशी चिन्हागणिक जुळतो का, हे दुकानातच पडताळणे आवश्यक असते. हमीचा काळ विक्रीच्या तारखेपासून मोजला जात असल्याने ती तारीख हमीपत्रावर नोंदलेली असावी लागते. स्वित्झर्लंडमधील अधिकृत क्रोनोमीटर परीक्षण संस्था (स्थापना १९७३) प्रत्येक यंत्रणेची स्वतंत्रपणे १५ दिवस, पाच स्थितींत व ८°, २३° आणि ३८° से. या तीन तापमानांत चाचणी घेते. अशा यंत्रणेवर तिचा स्वतःचा क्रमांक असतो आणि प्रमाणपत्र त्या क्रमांकाच्या यंत्रणेपुरतेच असते.

घासून काढलेला क्रमांक हा गंभीर दोष होय. अधिकृत साखळीबाहेर माल विकणारे काही व्यापारी तो कोणाकडून आला हे कळू नये म्हणून क्रमांक पुसतात. चोरीच्या मालाबाबतही असेच घडते. अशा घड्याळाची हमी निर्माता नाकारू शकतो आणि चोरीचा माल ठरल्यास मूळ मालक त्यावर हक्क सांगू शकतो. घेणाऱ्याचे पैसे व घड्याळ दोन्ही जाण्याचा हा धोका असतो. वापरलेले घड्याळ घेण्यापूर्वी त्याचा क्रमांक लंडन येथील ‘द वॉच रजिस्टर’सारख्या चोरीस गेलेल्या घड्याळांच्या नोंदसूचीत तपासता येतो.

मर्यादा : क्रमांक बरोबर असणे म्हणजे घड्याळ अस्सल असणे नव्हे. नकली घड्याळे बनविणारे एखाद्या खऱ्या घड्याळाचा क्रमांक घेऊन तोच शेकडो नकलांवर कोरतात. उलट, अधिकृत दुरुस्तीत कवच बदलले गेल्यास अस्सल घड्याळाचाही मूळ क्रमांक राहत नाही. अशा वेळी दुरुस्तीचे कागद निर्णायक ठरतात. मुंबईच्या जुन्या बाजारात निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून व तबकडी नव्याने रंगवून तयार केलेली घड्याळे पुष्कळ आढळतात. त्यांच्या कवचावरील क्रमांक खरा असला, तरी तो आतील यंत्रणेबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून अनुक्रमांक, नमुना क्रमांक, यंत्रणेचा प्रकार, कोरीवकामाची रेखीवता, कागदपत्रे आणि विक्रेत्याची विश्वासार्हता यांचा एकत्रित विचार करावा लागतो. शंका उरल्यास निर्मात्याच्या अधिकृत सेवा केंद्रात घड्याळ उघडून तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय. खरेदीनंतर अनुक्रमांकाची नोंद, पावती व हमीपत्र घड्याळापासून वेगळ्या ठिकाणी ठेवणे इष्ट असते. कारण घड्याळ चोरीस गेल्यास पोलीस तक्रारीत व विम्याच्या दाव्यात ते विशिष्ट घड्याळ ओळखण्याचे मुख्य साधन ही नोंदच असते. [→ घड्याळ].